मामाजींची पहिल्या रांगेतली खुर्ची

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, वर्षातून एकदाच रुसायचे आणि तेही नेमके पंधरा ऑगस्टला. मी सौंसरच्या शाळेत मास्तरीण. त्या दिवशी पहाटेपासून प्रभातफेरी, पोरींच्या रिबिनी, कुणाची चप्पल चिखलात रुतलेली. एवढं निस्तरून घरी यावं तर हे तोंड फुगवून बसलेले. कारण ठरलेलं. तहसीलच्या मैदानावर पेंडालमधली पहिली रांग स्वातंत्र्यसैनिकांची असे. पाच-सहा म्हातारे खुर्च्यांवर, गळ्यात झेंडूचे हार, मांडीवर शाल-नारळ. आमचे मामाजी कडक धोतर आणि पांढरी टोपी घालून मागे कडुलिंबाखाली उभे.

गवत त्यांनीही कापलं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. इंग्रजांनी जंगल आपलं करून घेतलं होतं, गवताची काडी तोडायचीही मनाई. म्हणून तीस साली आमच्या भागातली माणसं विळे घेऊन जंगलात शिरली, दिवसाढवळ्या गवत कापलं आणि आता पकडा म्हणून शांत उभी राहिली. मामाजी तेव्हा अठरा-एकोणीसचे. मग तुम्ही जेलात कसे नाही गेले, असं विचारलं की म्हणत, पकडून नेणारी लॉरी भरली होती, मला जागाच नव्हती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती भरलेली लॉरी ऐकत होते.

त्या साली उन्हाळ्यात त्यांची छाती भरली. डॉक्टरनं नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि आमच्याकडे न बघता औषधं लिहिली. घरी आल्यावर मामाजी खाटेवर टेकले आणि म्हणाले, "सूनबाई, औंदा खुर्ची भेटली तर भेटली. पुढच्या साली मी काही झाडाखाली उभा नाही राहत." रागीट बाई आहे मी, पण तेव्हा मला पदर डोळ्याला लावावा लागला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तूच जा, तुला बाबूलोकांशी भांडता येतं. म्हणजे घरात माझी कीर्ती ही.

तहसीलचा बाबू भला होता, भांडायची संधीच देईना. त्यानं हिंदीत गोड आवाजात सांगितलं की जेलचं प्रमाणपत्र आणा, नसेल तर त्या दिवशी ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याचं लिहून आणा, बघू. आता बघितलेला माणूस आणायचा कुठून? मामाजींच्या बरोबरचे सगळे गेलेले. मामाजी बराच वेळ खोकले. खोकला खोटा होता, मला कळतो. मग म्हणाले, एक आहे जिवंत, रामाकोन्याला. कोण, तर ज्यानं सगळ्यांना पकडलं तो नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. म्हणजे आम्ही इंग्रजाविरुद्ध लढलो, याचा दाखला इंग्रजाच्या शिपायाकडून आणायचा! मी कपाळाला हात लावला आणि मामाजींना घेऊन रामाकोन्यावरून जाणारी छिंदवाड्याची बस पकडली.

नाकेदार ऐंशीच्या घरातले, पण ताठ. भिंतीवर त्यांचाच फोटो, खाकी कपडे, छातीवर पट्टा. चहा दिला, विचारपूस केली, आणि मुद्द्यावर आलो तशी मान हलवली. त्या दिवशी जेवढ्यांनी गवत कापलं तेवढे सगळे मी पकडले, म्हणाले. तसा रिपोर्ट दिला होता. माझ्या हातून कधी कोणी सुटलं नाही, सगळ्या नोकरीत कागदावर डाग नाही. मी म्हटलं, बाबाजी, तो इंग्रज साहेब आता काय रामाकोन्याला येऊन जाब विचारणार आहे? तर म्हणाले, साहेब गेला, डाग माझाच राहील. दोन्ही म्हातारे डोक्यानं सारखेच.

मग मामाजी चिडले. नाल्याच्या काठी मोहाचं झाड होतं की नाही, विचारलं. होतं. तिथं तुझा पाय घसरला की नाही? तुझा पटका पाण्यात वाहून गेला आणि तू आधी पटक्यामागं धावला, मग माझ्यामागं. नाकेदारांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तो तू होता का रे?"

मी मामाजींकडे बघितलं. धावला? सत्याग्रहात माणसानं उभं राहायचं असतं, शाळेत मी पोरांना हेच शिकवते. इतकी वर्षं आमच्या घरात उभी असलेली लॉरी त्या अंगणात एका मिनिटात मोडीत निघाली. मामाजी जमिनीकडे बघत होते. "ते इळे जप्त करून रायले होते," ते म्हणाले. "माह्या आईचा इळा होता. घरात एकच होता." तो विळा आमच्याकडे अजून आहे. त्याच विळ्यानं मी गाईला चारा कापते आणि तो बोथट झाला म्हणून त्यालाच शिव्या देते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

नाकेदार हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा लावून माझ्याच वहीच्या पानावर लिहून दिलं, की हा माणूस गवत कापताना मी पाहिला, तो माझ्या हातून पळाला, आणि मी खोटा रिपोर्ट दिला होता. खाली सही केली. म्हणाले, कार्यक्रमाला मी स्वतः येईन.

बाबूनं कागद दोनदा वाचला. फॉर्ममध्ये पळून जाण्याचा रकाना नव्हता. तहसीलदार साहेबही पोट धरून हसले, पण म्हणाले, यादीत नाव येणार नाही, खुर्ची मात्र देतो.

पंधरा ऑगस्टला मामाजी पहाटेच तयार. पेंडालमध्ये माईकवरून एकेकाचं नाव पुकारून पहिल्या रांगेत बसवत होते, आणि नावामागे जेलचे महिने. सहा महिने, टाळ्या. चार महिने, टाळ्या. पोरांच्या रांगेपाशी माझ्या शेजारी उभ्या मामाजींचा चेहरा उतरत गेला. आपलं नाव आलं की त्यामागे काय सांगणार, हे त्यांना दिसायला लागलं होतं. त्यांचं नाव पुकारलं आणि मी वळून बघते तर जागा रिकामी! धोतर सावरत ते कडुलिंबाकडून रस्त्याला निघाले होते. मी पोरांची रांग सोडून धावले, पण माझ्या आधी तिथं कोणीतरी पोचलं.

नाकेदार झाडाखाली उभे होते. इंग्रजाची चाकरी केलेल्याला कोण खुर्ची देणार? त्यांनी पुढं होऊन मामाजींचं मनगट धरलं.

"आता नाही सोडत," ते म्हणाले.

माईकवरच्यानं पुन्हा नाव पुकारलं. सगळ्या मैदानासमोरून नाकेदार त्यांना धरून पहिल्या रांगेपर्यंत घेऊन गेले आणि खुर्चीत बसवलं. मामाजींनी हात सोडवून घेतला नाही. तेवढ्यात झेंडा वर गेला, जन-गण-मन सुरू झालं आणि सगळे उठले. मी मागून बघत होते. दोघे म्हातारे ताठ उभे होते, आणि मनगट अजून धरलेलंच होतं.