माणिकबप्पांची बाज

आमच्या गावच्या बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, तक्रार करायच्या दोन रीती होत्या. पहिली सरकारी. दरखास्त लिहायची, कचेरीत द्यायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. दुसरी माणिकबप्पांची. गल्लीत नाली तुंबली की बप्पा घरातली बाज डोक्यावर घेऊन निघायचे, नेमकी त्या नालीच्या काठाला टाकायचे आणि तिच्यावर मांडी घालून बसायचे. दाढी तिथं, जेवण तिथं, दुपारची झोपही तिथंच. नाली वाहती झाल्याशिवाय बाज हलायची नाही. बैलगाड्या वळसा घालून जायच्या आणि गाडीवान ओरडून विचारायचे, "बप्पा, आज इथं काय बिघडलं?" बप्पांना तेच पाहिजे असायचं.

मी त्या कचेरीत मुन्शी होतो. गाव निजामाच्या राज्यातलं, परतूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरचं, बाजाराचं. दफ्तर सगळं उर्दूत आणि गाव सगळं मराठीत, त्या दोहोंच्या मधे बसून मी पोट भरत होतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे बलदियाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, मला बप्पांना उठवायला पाठवलं. मी नवा, अंगात कडक इस्त्रीची शेरवानी. ऐटीत जाऊन म्हणालो, "काका, रस्त्यात बाज टाकणं जुर्म आहे. आधी लेखी दरखास्त द्या."

बप्पांच्या अर्ध्या गालाला साबण होता. त्यांनी न्हाव्याला हातानं थांबवलं आणि मला पायापासून टोपीपर्यंत निरखलं.

"नवे दिसून राह्यले तुम्ही. बसा. हे बघा मुन्शी, कागद दिला की तुम्ही तो दप्तरात ठेवता. बाज ठेवून दाखवा दप्तरात!"

न्हावी इतका हसला की त्याच्या हातातला वस्तरा पाहून मलाच भीती वाटली. मी बसलो. चहा आला, तो प्यालो. दिवस मावळायच्या आत नाली निघाली आणि बाज परत नेताना तिचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. साहेबांना मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, पण ते फार पटण्यासारखं नसावं.

माणिकबप्पा मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. तिथली शेती धाकट्या भावाच्या हवाली करून तीस वर्षांपूर्वी ते आमच्या गावात सासुरवाडीला येऊन राहिले. उंच, हाडकुळे, डोक्याला तांबडं मुंडासं आणि आवाज असा की वेशीत बोलले तर बाजारात कळावं. शेताची सवय काही गेली नव्हती. पहाटे उठून माणसं शेतात चक्कर मारतात तशी ते गल्लीत मारायचे. कुणाच्या दारात पाणी साचलं, कुठला दगड निखळला, कुठला कंदील पेटला नव्हता, सगळं त्यांना ठाऊक. बलदियाचे रुकन, म्हणजे सभासद, सहाच होते. गाव म्हणायचं, सातवी बप्पांची बाज.

त्या बाजेचा खरा धसका होता सफाईचे दारोगा कासिममिया यांना. लांबून बाज दिसली की ते सायकलवरून उतरून पळतच यायचे. "बप्पा, दो कदम पे घर है मेरा. बोल देते तो आता नहीं था क्या?" बप्पा म्हणायचे, "सांगायला मागच्या हप्त्यात आल्तो. तुम्ही झोपले होते." मग दोघं हसायचे, आणि बप्पांच्या बायकोनं, जिजाकाकूनं, पाठवलेली भाकरी आणि ठेचा बाजेवर बसून दोघं मिळून खायचे. काकूची वेगळीच तक्रार होती. "घरात बाज एकच. ती गेली की मला भुईवर झोपावं लागतंय. दारोगा, तुम्ही नाल्या जरा जल्दी काढत जा हो!"

पुढं मी लग्न करून बप्पांच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं. गल्लीच्या तोंडाशी जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरत थेट पाण्यात जाता येई अशी ती विहीर. बायका घागर घेऊन खाली उतरत, घोटाभर पाण्यात उभ्या राहून भरून घेत. गल्लीत नवी नवरी आली की तिनं शेवटच्या पायरीवर पाय धुवायचे आणि तिथूनच पहिली घागर भरून घरी न्यायची, असा रिवाज. माझी बायकोही तशीच उतरली होती, आणि वर येताना घसरली होती. बप्पांनी ते वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

एका उन्हाळ्यात जिल्ह्याचे डॉक्टर आले. आमच्याकडे नारू काही नवा नव्हता. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघायचा, माणूस महिना दोन महिने लंगडायचा. लोक म्हणायचे, उष्णता आहे. डॉक्टर म्हणाले, "ज्याला नारू झालाय तो पाय बारवेच्या पाण्यात बुडवतो, रोग पाण्यात उतरतो. ते पाणी जो पितो, त्याला वर्षभरानं नारू निघतो. पायऱ्या बुजवा आणि वर रहाट बसवा." साहेबांना पटलं. सभेत ठराव झाला, गवंडी ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाज बारवेच्या तिसऱ्या पायरीवर होती.

नऊ दिवस बप्पा तिथून उठले नाहीत. साहेब स्वतः आले, डॉक्टरांनाही आणलं. बप्पा म्हणाले, "तीस वर्षं झाली, ह्याच पाण्यात पाय धुऊन राह्यलो, हेच पाणी पिऊन राह्यलो. काय झालं मला? बिलकुल काही न्हाई! आणि साहेब, एक सांगतो. ह्या गल्लीत सासुरवाशीण पोरीला मन मोकळं करायला एकच जागा हाय, ही पायरी. घरात सासू, दारात सासरा. घागर भरायला किती वेळ लागतो? ह्या पोरी तासभर लावतात. ती जागा तुम्ही दगड घालून बुजवणार?"

वर कठड्याला उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांच्या बाजूनं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही मनातून बप्पांच्या बाजूनं होतो आणि दहाव्या दिवशी सभेनं ठराव रद्द केला त्याची कारवाई, म्हणजे सभेचा वृत्तांत, मी फार सुंदर अक्षरात लिहिली. त्या दिवशी बायकांनी बप्पांना बाजेसकट ओवाळलं. मी कचेरीतून येताना पेढे आणले.

पुढच्या चैत्रात माझ्या बायकोच्या घोट्यावर फोड आला.

ती दोन महिने अंथरुणावर होती. मी केलेल्या भाकऱ्यांवर गल्ली हसत होती, पण फार मोठ्यानं नव्हे, कारण घरोघर कुणीतरी पाय धरून बसलेलं होतं. आधी दोघेचौघे लंगडायचे. त्या उन्हाळ्यात नऊ घरांत नारू निघाला. दहावं घर बप्पांचं. त्यांच्या नडगीतून नारू डोकावला तेव्हा न्हाव्यानं तो काडीला अडकवून दिला. रोज सकाळी काडी फिरवून बोटभर बाहेर काढायचा. ओढायचा नाही. ओढला तर तुटतो आणि तुटला तर पाय भोपळ्याएवढा सुजतो.

काडी नडगीला बांधून, काठी टेकत बप्पा आमच्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, डॉक्टर बराबर सांगून राह्यला होता. मी ऐकलं न्हाई. तुझ्या पायाला हे माझ्यामुळं झालं." आणि त्या माणसानं तिला हात जोडले. तिच्या बापापेक्षा वयानं मोठा माणूस.

ती म्हणाली, "बप्पा, असं करू नका. तुम्ही आमच्यासाठीच बसला होता. माझा पाय होईल बरा. पण त्या पायऱ्यांवरून आता दुसरं कुणी पाण्यात उतरू नये, तेवढं बघा."

बप्पा मागं वळले, आणि दुपारी बाज बलदियाच्या दारात आली.

आता गंमत अशी की साहेब रागावलेले होते. मागच्या साली भर गल्लीत त्यांची फजिती झाली होती. ते म्हणाले, "बारवेचा विषय दफ्तरदाखल झाला. तुमच्याच हट्टानं झाला. रोज नवा ठराव करायला ही काय पोरांची शाळा आहे?" बप्पा बाजेवर पाय पसरून बसून राहिले. कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची नडगी ओलांडून जावं लागे. ते प्रत्येकाला काडी दाखवत. "बघा, बघून घ्या. काल इतकाच होता, आज एवढा झाला. हा बारवेचा नारू. तिथं पाय घालाल तर तुमच्या घरीही येईल." शेरवानीतले रुकन तोंड फिरवून आत पळायचे. कासिममिया मात्र दर सकाळी काडी फिरवायला मदत करायला यायचे आणि म्हणायचे, "आहिस्ता, बप्पा, आहिस्ता."

चौथ्या दिवशी साहेबांनी त्यांना सभेत बोलावलं. "बप्पा, मागं बारव उघडी ठेवा म्हणून बाज टाकली. आता बंद करा म्हणून टाकता. एक काहीतरी सांगा."

"एकच सांगतो, साहेब. तेव्हा तुम्ही बराबर होता. मी चुकलो. मुन्शी, लिहा."

मी लेखणी खाली ठेवली. बप्पांबद्दल असं काही सरकारी कागदावर लिहायला माझा हात धजेना.

"लिहा म्हणतो ना! ठराव माझ्या नावानं रद्द झालता. आता चूकही माझ्याच नावानं लिहा. माझं नाव बराबर लिहा, वडिलांच्या नावासकट."

मी लिहिलं. इतकी वर्षं त्या कचेरीत कारवाया लिहिल्या, पण अमुक एक इसम चुकला असं त्यानंच सांगितलं म्हणून लिहिलेली ओळ ती एकच. साहेबांनी ती ओळ वाचली आणि गवंड्याला निरोप पाठवला.

पायऱ्या बुजवताना पहिला दगड बप्पांनी ठेवला. शेवटचा दगड बसल्यावर गवंडी हत्यारं गोळा करू लागला, तेव्हा बप्पा म्हणाले, "थांब. पोरी बसणार कुठं?" बारवेभोवती ओटा बांधल्याशिवाय त्यांनी त्याला सोडलं नाही. त्यासाठी बाज टाकावी लागली नाही. ती उचलून आणतो म्हटल्यावरच काम झालं.

सुरुवातीला बायकांनी त्यांना भरपूर बोल लावले. दोरानं पोहरा ओढून हाताला फोड येत होते. बप्पा ओट्यावर बसून म्हणायचे, "दोघी दोघी मिळून ओढा. पाणी जल्दी येईल आणि बोलणंही होईल." बायकांना ते हळूहळू आवडलं. पुढं पुढं तर सासवाही तिथं येऊन बसायला लागल्या, हे मात्र बप्पांच्या हिशोबात नव्हतं.

नंतरच्या उन्हाळ्यात तिघांना नारू निघालाच. बप्पांचं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाले, हे आधी प्यालेलं पाणी, आणखी एक उन्हाळा थांबा. बप्पा थांबले. कुणी भेटलं की रामराम घालायच्या आधी ते घोट्याकडे बघायचे. दुसरा चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठात, मृग लागायच्या सुमाराला, त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन "पाय दाखवा" म्हटलं. शेवटी आमच्याकडे आले. माझ्या बायकोनं हसत दोन्ही पाय पुढं केले, मांडीवरच्या मुलीचेही केले. बप्पा आमच्या दारातल्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मुन्शी, एकही न्हाई. एका घरात न्हाई." इतकं खुश मी त्यांना ओवाळणीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी जिजाकाकू उठवायला गेली तेव्हा बप्पा बाजेवरच शांत झालेले होते. आम्ही त्यांना खाली घेतलं. रिवाजाप्रमाणं कुणीतरी रिकामी बाज बाहेर काढली आणि घरापुढच्या रस्त्यावर, नालीच्या काठाला ठेवली.

कासिममियांना काहीच कळलं नव्हतं. ते बाजाराकडून येत होते. लांबून बाज दिसली तसे सायकलवरून उतरले, दोन सफाईवाले आणि फावडी घेऊन पळतच आले. "आया बप्पा, आया! बोलो, कौनसी नाली है?"

जिजाकाकू दारात आली आणि म्हणाली, "दारोगा, आज त्यांची कसलीच तक्रार न्हाई."

कासिममिया बाजेजवळ जमिनीवर बसले. बाजेवर बसले नाहीत. मग उठले, सफाईवाल्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि बप्पांच्या दारापासून बारवेच्या ओट्यापर्यंतची नाली स्वतः उपसत गेले. नाली तशी वाहतच होती.