चोरओटी

तेव्हा मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे मूल, आणि दुसरी म्हणजे ते मिळवण्याचा हा सगळा उपद्व्याप एकदाचा थांबणं. लग्नानंतर आम्ही बंगळूरला आलो. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मल्लेश्वरमला वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, आणि माझ्या अंडाशयांत कच्च्या बीजांची नुसती गर्दी. पिकून बाहेर पडायचं नाव एकही घेत नव्हतं.

ती पिकावीत म्हणून डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं सुरू केली. सकाळी रिक्षा, सुई, मग सोनोग्राफी. त्यासाठी पोटभर पाणी प्यायचं आणि लघवी दाबून बाकावर बसायचं. नर्सला विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "स्वल्प वेट माडी." थोडं थांबा म्हणे! तिच्या त्या स्वल्पमध्ये माझं नव्वदचं अर्धं दशक गेलं असेल.

त्यातच सासूबाई साताऱ्याहून राहायला आल्या. इंजेक्शनांचं त्यांना सांगायचं नाही, असं नवऱ्याचं म्हणणं. "आईला उगाच काळजी." म्हणजे काळजी सगळी मी करायची, आणि तीही हसतमुखानं. रोज सकाळी मी 'भाजी आणायला' बाहेर पडायचे, आणि परत येताना खरंच भाजी आणावी लागायची. घरात दुधीच दुधी झाले.

शेवटचं मोठं इंजेक्शन झालं आणि काही दिवसांतच माझं पोट फुगायला लागलं. परकराची नाडी पुरेना. फोडणीचा वास आला की मळमळायचं. सासूबाई काही विचारायच्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायच्या. मला वाटलं, बंगळूरची हवा मानवली त्यांना.

एका दुपारी त्यांनी मला आत हाक मारली. बघते तर पाट मांडलेला, आणि खालच्या घरमालकीणबाई, आमच्या अक्का, ठेवणीतली साडी नेसून उभ्या. हातात तबक, तबकात तांदूळ, नारळ, खण. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे तिसरा महिना लागला की गाजावाजा न करता, घरातल्या घरात पोटुशीची ओटी भरतात. कुणाला कळू द्यायचं नसतं, म्हणून ती चोरओटी. मी लपवतेय असं सासूबाईंनी गृहीत धरलं होतं. अक्कांना मराठी येत नव्हतं, पण त्यांच्याकडेही ओटी भरतात, त्यामुळे त्यांना समजावून सांगायची वेळच आली नसावी.

सासूबाई स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या दारात थांबलेल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवेनं ओटीला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की कुणी आग्रह केला तर त्याच भडकायच्या. म्हणून सवाष्ण हवी, म्हणून अक्का.

"आई, तसं काही नाहीये," एवढंच म्हणायचं होतं. पण एवढं म्हटलं की पुढचं सगळंच सांगायला लागलं असतं. सुया, सोनोग्राफी, दुधी. मला कंटाळा आला. खरंच सांगते, दुःखबिःख नंतर, आधी कंटाळा. शिवाय कोण जाणे, लागू पडलीही असतील इंजेक्शनं, असंही एक वेडं मन म्हणालं. मी पदर पसरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला धाप लागायला लागली आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. औषधानं अंडाशयं नको इतकी फुगली होती, पोटात पाणी साचलं होतं. मूल नव्हतंच. तिथल्या खाटेवरच पाळी आली. नवऱ्यानं बाहेर व्हरांड्यात आईला सगळं सांगितलं. त्या आत आल्या, माझ्या पायाशी बसल्या.

"मीच घाई केली," त्या म्हणाल्या. "दाराशी तरी कशाला उभी राहिले मी! माझी सावली पडली."

माझं डोकंच फिरलं. "अहो आई, सुई मला टोचली, औषध डॉक्टरांचं. सावली कसली घेऊन बसलात!"

त्यांना ते पटलं नाही. मग आम्ही दोघीही रडलो.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं कायमची बंद केली. पण परदेशात एक नवीन पद्धत निघालीय म्हणाल्या. बीजं कच्ची असतानाच सुईनं बाहेर काढायची, आणि प्रयोगशाळेत बशीत ठेवून पिकवायची. इंजेक्शनांचा मारा नाही, पोट फुगायचं भय नाही. तिकडे थोडी मुलं झालीत त्यातून. इथे अजून कुणाला झालेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं, पण करून बघू म्हणाल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत लगेच चमक. जेवताना त्यानं ते सगळं आईला ताटातल्या भाताची शितं मांडून समजावलं.

"म्हणजे आंब्यासारखी आढी घालायची म्हणा की," सासूबाई म्हणाल्या.

मी हसले. किती तरी दिवसांनी हसले. मग नवऱ्याला विचारलं, "हे शेवटचं?" तो म्हणाला, "शेवटचं." मी दोनदा वदवून घेतलं आणि हो म्हटलं.

त्या दिवसांत सकाळी मी सोनोग्राफीला निघताना सासूबाई माझ्या समोर येत नव्हत्या. आतूनच दृष्ट काढल्यासारखं काहीतरी पुटपुटायच्या आणि मी रिक्षात बसले, हे आवाजावरून कळलं की मगच बाहेर यायच्या. हे अक्कांनी मला नंतर मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

बीजं काढली. बशीत ठेवली. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, पिकली नाहीत. "आम्हीही अजून शिकतोय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. शिका हो बाई, असं मनात आलं, पण माझ्यावर पुरे आता. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानंही 'पुरे' अशी मान हलवली. आम्ही चालतच घरी आलो.

सासूबाईंनी बॅग भरायला काढली. निघायच्या दिवशी त्यांनी पाट मांडला आणि मला बस म्हणाल्या. मी जिन्याकडे बघत राहिले, आता अक्का येतील म्हणून. अक्का आल्या नाहीत. सासूबाईंनीच कुंकवाचा करंडा उघडला आणि माझ्या कपाळाला बोट टेकवलं.

"आई, तुम्ही?"

"मीच," त्या म्हणाल्या. "आता माझ्या हातानं आणखी काय बिघडायचंय गं?"

त्यांनी ओंजळभर तांदूळ घेतले. मी पदर पसरला.