केलीव्हिलमधलं एकमेव मत

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक अमेरिकेत होते, असा जगभर एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. ती निवडणूक सिडनीत, केलीव्हिलमध्ये, आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर होते आणि ती हिचे मामा एकट्याच्या बळावर लढवतात. हिचे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांची मुलगी डार्विनला हॉस्पिटलात नर्स आहे. मामी गेल्यापासून मामा तिच्याकडे असतात, पण डार्विनचा पावसाळा जवळ आला की तिथली हवा इतकी चिकट होते की, मामांच्याच शब्दांत, "माणूस पुसून काढावा लागतो." मग ऑक्टोबरात ते आमच्याकडे येतात आणि मार्चअखेर परत जातात. दर चार वर्षांनी नेमकं त्याच दिवसांत तिकडे अमेरिकेत अध्यक्ष निवडतात. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटतं. मामांना तसं वाटत नाही.

या विषयात मामांचा अधिकार मोठा. नोकरी लागण्यापूर्वी सांगलीकडच्या एका गावात नगरपालिकेच्या निवडणुकीत कर्णा बांधलेल्या रिक्षातून जो आवाज फिरायचा तो मामांचा. सकाळी ते कपबशीचा प्रचार करायचे आणि संध्याकाळी शिलाई मशीनचा, दोन्ही तितक्याच कळकळीने. "उमेदवार कोण आहे हे प्रचारकानं फार बघू नये," असं ते सांगतात, "नाहीतर आवाज पडतो." अशा माणसाला ऑस्ट्रेलियातली निवडणूक बेचव लागली तर नवल नाही. एकदा आम्ही त्यांना इथल्या मतदानाला बरोबर नेलं होतं. शाळेच्या मैदानात लोक हाफ पँट आणि सपाता घालून आले, रांगेत उभे राहिले, मत दिलं, पावात गुंडाळलेलं सॉसेज खाल्लं आणि घरी गेले. मामा बराच वेळ कुंपणाला टेकून उभे होते. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, इथे कोणी कोणाला शिव्याच देत नाही. मग मत कोणाला द्यायचं हे लोकांना कळतं कसं?"

त्यामुळे अमेरिका. आमच्या हॉलमधला टीव्ही एका बाजूच्या चॅनेलला लावलेला, मामांच्या मांडीवरचा टॅबलेट दुसऱ्या बाजूच्या चॅनेलला, आणि फोनवर कोणीतरी तिसराच माणूस आपल्या गॅरेजमध्ये बसून दोन्ही चॅनेल विकली गेली आहेत असं ओरडतोय. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. आठ खिडक्यांत आठ तज्ज्ञ, आणि सगळे एकदम बोलणारे. मामांना त्यांची नावं ठाऊक नसत, पण प्रत्येकाशी घरोबा होता. "ती दुसऱ्या खिडकीतली बाई आज रडकुंडीला आलीय," असं ते चहा घेता घेता सांगत, जशी काही ती आमच्याच गल्लीत राहते. दोन्ही उमेदवारांची भाषणं मात्र ते आवाज बंद करून बघत. इंग्रजीत जोर नाही, अशी त्यांची तक्रार होती. उमेदवाराने बोट उचललं की मामा सोफ्यावरून मराठीत सुरू करत, "बंधू आणि भगिनींनो, यांनी या देशाचा उकिरडा केला. यांना घरी नाही, तुरुंगात पाठवा." उमेदवार थांबला की मामा थांबत, पाणी प्यायला की पाणी पीत. नंतर मी एकदा ते भाषण आवाजासकट ऐकलं आणि चकित झालो. मामांनी फारसं काही वाढवलं नव्हतं.

हळूहळू ती भाषा घरात उतरली. दुधीची भाजी हा आजवर आमच्याकडे साधा मतभेदाचा विषय होता. आता ते षड्यंत्र झालं. शेजारच्या माणसाने शनिवारी सकाळी पानं उडवायचं मशीन लावलं, तर तो लोकशाहीवरचा हल्ला ठरला. ब्लॅकटाउनला किराणा आणायला जाताना मी नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने गेलो आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मागच्या सीटवरून धीरगंभीर आवाज आला, "याच धोरणांनी या घराला खड्ड्यात नेलं." आमची लेक म्हणाली, "मामाआजोबा, इट्स जस्ट ट्रॅफिक." त्यावर मामांनी तिला परकीय शक्तींची हस्तक म्हटलं आणि मग खिशातली लिमलेटची गोळी दिली. मामांचं सगळं असं होतं. ते चिडत नसत, त्यांना फक्त चिडल्याची भाषा आवडे. एकदा मला म्हणाले, "आमच्या वेळी निवडणूक हरली तर फार तर गटार साफ व्हायचं राहायचं. यांचं बरं आहे. हरलं की थेट देशच संपतो."

सुरुवातीला त्यांची बाजू अशी कुठलीच नव्हती. मग एक दिवस आमच्या समोरच्या घरातल्या आजी अमेरिकन आहेत असा शोध त्यांना लागला. या आजी ओहायोच्या. तरुणपणी इथल्या एका माणसाशी लग्न करून आल्या, शाळेत शिकवलं, नवरा गेला, आता एकट्या. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना मामांशी बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की पोस्टाने त्यांचं मत अजूनही तिकडे जातं. मामा घरात आले ते अंगात वारं शिरल्यासारखे. "मत आहे," ते म्हणाले. "समोर. चालत जाण्याच्या अंतरावर." त्या दिवशी त्यांनी एक उमेदवार निवडला, कारण प्रचाराला बाजू लागते, आणि रोज चारच्या सुमाराला ते प्रचाराला निघू लागले. बरोबर चिवड्याचा डबा. आजी चहा करत, चिवडा खात, त्यातले दाणे आधी वेचून खात, सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "नो वरीज, लव्ह." मत कोणाला, हे काही सांगत नसत. मामा परत येऊन आम्हाला सांगत, "मतदार अजून कुंपणावर आहे."

मतदानाच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे दिवाळीचा फराळ होता. मागच्या अंगणात दहा-बारा मराठी मंडळी आणि आजी. त्यांनी केळ्याचा केक आणला होता. कोणीतरी मामांना विचारलं, "काय मामा, काय म्हणतेय अमेरिका?" एवढं पुरे होतं. मामा उभे राहिले, आणि पाहुणीला कळावं म्हणून त्यांनी सभा इंग्रजीत घेतली. विरोधी उमेदवाराला झोडपून झालं, लोक हसले. हसले म्हणून मामा पुढे गेले आणि त्या उमेदवाराला मत देणाऱ्यांवर घसरले. ती माणसं मूर्ख आहेत, अर्धी तर देशद्रोही आहेत, अशांना एकेक पिशवी हातात देऊन देशाबाहेर काढलं पाहिजे. शब्द सगळे टीव्हीतलेच होते, आम्ही महिनाभर ऐकत होतो.

आजींनी हातातली बशी टेबलावर ठेवली. "माझा भाऊ त्यांच्यातलाच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यानं मला सायकल शिकवली." मग हिला फराळाबद्दल धन्यवाद देऊन, बाजूच्या फाटकातून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमचा टीव्ही बंद होता. मामा पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. संध्याकाळी म्हणाले, "जावईबापू, उद्या माझ्याबरोबर चला. माझं इंग्रजी सभेचं आहे, माफीचं नाही."

आम्ही गेलो. आजींनी दार उघडलं, आत घेतलं. मामांनी मला बोलूच दिलं नाही. "मॅडम, मी तुमच्या भावाला ओळखत नाही," ते म्हणाले. "मी तिथल्या कोणालाच ओळखत नाही. मी नुसता बोलत होतो. चुकलं माझं." आजी किंचित हसल्या आणि किटली लावली. चहा पिताना त्यांनी सांगितलं की मागच्या निवडणुकीच्या वेळी फोनवर त्या आणि त्यांचा भाऊ असेच नुसते बोलत होते. त्याने एक शब्द वापरला, आजींनी दुसरा वापरला, आणि आजींनीच फोन ठेवला. तेव्हापासून नाताळला कार्ड येतं, त्यावर फक्त सही असते. तो शेतावर एकटाच राहतो. वय ऐंशीच्या पुढे.

"नंबर आहे?" मामांनी विचारलं.

"आहे. पण एका मिनिटात तो तेच सुरू करेल. आणि मीही करेन."

मामांनी विचार केला. "मी शेजारी बसतो," ते म्हणाले. "राजकारण आलं की चमच्यानं कप वाजवतो."

दिवस ठरला तो निकालाचा, कारण त्या दिवशी भाऊ टीव्हीसमोरून हलणार नाही याची आजींना खात्री होती. आमची बुधवारची दुपार म्हणजे त्यांची मंगळवारची रात्र. मामा महिनाभर ज्या दिवसाची वाट बघत होते तो हाच. आठ खिडक्या, घड्याळ, रंग बदलणारे नकाशे, सगळं आमच्या हॉलमध्ये सुरू झालं होतं. ते तसंच टाकून मामा समोर गेले. मी घरूनच काम करत होतो, म्हणून फोनचा स्पीकर लावून द्यायला मलाही नेलं.

बराच वेळ रिंग वाजली. मग पलीकडे टीव्हीचा गदारोळ आणि त्यातून एक खरखरीत आवाज, "कोण गेलं?"

"कोणी नाही," आजी म्हणाल्या. "मी सहज केला."

टीव्ही तेवढा बोलत राहिला. मग आवाज म्हणाला, "आज? तुझ्या लोकांनी काय चालवलंय बघतेस ना?"

मामांनी कप वाजवला.

"हे काय वाजतंय?"

"माझे शेजारी आहेत," आजी म्हणाल्या. "ते पंच आहेत. राजकारण काढलं की वाजवतात."

"कोणाच्या बाजूचे?"

आजींनी मामांकडे बघितलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली. "कोणाच्याच नाहीत," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने पलीकडचा टीव्हीचा आवाज कमी झाला आणि मग बंदच झाला. गुडघ्यांची चौकशी झाली. कोठाराचं छप्पर वादळात गेलं होतं ते कळलं. जुन्या शाळेतली कोण कोण माणसं गेली ते त्याने सांगितलं, आणि एका नावाला आजींनी तोंडावर हात ठेवला. मामांनी आणखी दोनदा कप वाजवला, दोन्ही वेळा आजींसाठी. त्यानंतर चमचा बशीत ठेवून दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी काम आहे असं खुणेने सांगून बाहेर पडलो. खरं तर काम नव्हतं.

मामा परतले तेव्हा निकाल जवळजवळ लागलेला होता. त्यांनी टीव्हीकडे नजर टाकली, आवाज बंद केला आणि सोफ्यावर बसले. पडद्यावर कोणीतरी बोट उचलून बोलत होतं. मामा काही बोलले नाहीत. हिने विचारलं, "मामा, झालं का त्यांचं बोलणं?"

"झालं," ते म्हणाले. "फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, त्याचा आवाज अगदी आमच्या वडिलांसारखा झालाय." मग म्हणाले, "चहा टाक बाळ. त्यांचा चहा पांचट असतो."

मार्चअखेर मामा निघाले तेव्हा आजी गाडीपर्यंत आल्या. "पुढच्या निवडणुकीला या," त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, "मॅडम, आपल्या वयात चार वर्षं ही फार मोठी टर्म असते." दोघंही हसले. मग आजींनी त्यांचा हात हातात घेतला, आणि मामांनी खिशातली लिमलेटची गोळी काढून त्यांना दिली.

या वर्षी मामा आले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि इतका लांबचा विमानप्रवास नको असं त्यांची मुलगी म्हणते. डार्विनच्या पावसाळ्यात ते पंख्याखाली बसून राहतात. रविवारी फोन आला की सगळ्यांची चौकशी झाल्यावर विचारतात, "समोरच्या बाई काय म्हणतात? भावाशी बोलतात ना?" आणि सोमवारी कचऱ्याचे डबे काढताना आजी विचारतात, "तुमचे मामा कसे आहेत? चालायला लागले का?" मी इकडचा निरोप तिकडे देतो आणि तिकडचा इकडे, थोडा वाढवूनच. अमेरिकेत सध्या काय चाललंय, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.