नाटकात नसलेला कोंबडा

खऱ्या आवाजासाठी माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांइतका त्रास सोसलेला, आणि त्याहून अधिक इतरांना दिलेला, दुसरा माणूस सबंध सिंगापुरात नसेल. हे विधान मी जबाबदारीने करते आहे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे अतिशयोक्ती दिसली की तिच्याखाली रेघ ओढण्याची मला सवय आहे, आणि या वाक्याखाली रेघ ओढावी असे मला अजून वाटलेले नाही.

भावोजी हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत कागदपत्रे तपासतात. पण तो केवळ व्यवसाय झाला. आमच्या मराठी मंडळींचा इंटरनेटवर एक छोटासा रेडिओ आहे. भावोजी त्यासाठी नाटके लिहितात, आणि ती सगळी एकाच विषयावर : चारचौघांत सज्जन दिसणारा नवरा घरात बायकोला कसा छळतो, आणि अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावे. निवृत्त होऊन मी मुलाकडे राहायला आले, तशी त्यांनी भाषा तपासण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली. "भावोजी, एकच विषय किती दिवस पुरवणार?" असे मी सुरुवातीलाच विचारले होते. "तो संपला की थांबेन, ताई," ते म्हणाले, आणि पुढचे पान माझ्या हातात दिले.

नाटकातला प्रत्येक आवाज प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेला असावा, हा त्यांचा पहिला नियम. त्यांची मुलगी आजही, वाक्याला इथल्या धाटणीचा 'ला' जोडून, सांगते, "बाबा, ऑनलाइन सगळं फ्री मिळतं ला," आणि ते तिच्याकडे असे पाहतात की जणू तिने देवापुढे प्लॅस्टिकचे फूल ठेवले. एकदा त्यांना त्रासलेल्या घरातल्या कुकरची शिटी हवी होती. बहिणीने नुसते पाणी घालून सकाळभर शिट्या काढून दिल्या. एकही पसंत पडेना. शेवटी ती म्हणाली, "आता मी खरोखर त्रासलेय. ही घ्या." त्यांनी घेतली, आणि नाटकात तीच वापरली. दाराच्या आवाजाचे प्रकरण तर अनेक महिने चालले. छळातून सुटलेली एक स्त्री कुलूप उघडून स्वतःच्या घरात शिरते, एवढाच तो आवाज. त्यासाठी त्यांनी आमच्या ओळखीतली सगळी दारे उघडून पाहिली. माझ्या मुलाच्या दारापुढे ते कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "दार चांगलं आहे. पण उघडणाऱ्याला बरं वाटलेलं नाही." बरे वाटणे कुलपात ऐकू येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. "येतं, ताई," एवढेच ते म्हणाले.

दुसरा नियम खलनायकाविषयी होता. तो कधीही ओरडणार नाही. भावोजींचे म्हणणे असे की, दारू पिऊन ओरडणारा नवरा ऐकला की प्रत्येक श्रोता निश्चिंत होतो, कारण तो स्वतः ओरडत नसतो. म्हणून त्यांचा खलनायक अतिशय गोड बोले. "सहज विचारतो, कोणाचा फोन होता?" "सहज विचारतो, आईशी इतका वेळ काय बोललीस?" ही भूमिका ते स्वतः करत, आणि तिची तालीम जागा मिळेल तिथे करत. एकदा लिटिल इंडियातल्या किराणा दुकानात कोथिंबीर निवडता निवडता ते बहिणीला त्याच आवाजात म्हणाले, "सहज विचारतो, दुकानात इतका वेळ कशाला लागतो?" मागे एक मराठी बाई उभ्या होत्या. त्या बहिणीच्या जवळ आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "ताई, काही लागलं तर मला सांगा हं." बहीण म्हणाली, "ही कांद्यांची पिशवी तेवढी धरा." भावोजी मात्र पुढे आठवडाभर हा प्रसंग भेटेल त्याला सांगत होते. कोणीतरी विचारले, याचाच त्यांना आनंद.

ध्वनिमुद्रण त्यांच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये होई. येथे वाचकांसाठी थोडा खुलासा करते. इथल्या नव्या घरांत जाड भिंतींची आणि पोलादी दाराची एक लहान खोली बांधलेलीच असते. युद्धाची वेळ न आल्याने लोक तिच्यात सूटकेस आणि तांदळाची पोती ठेवतात. भावोजींनी तिला स्टुडिओ केले. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि फोनची खरखर माइकमध्ये येते म्हणून सगळ्यांचे फोन बाहेर पोह्यांच्या डब्यात. दार लावले की आतला शब्द बाहेर जात नसे. आम्ही आत घामाघूम होऊन मनातल्या मनात भावोजींना नावे ठेवत असू.

गेल्या वर्षी आम्हांला एक नवी नायिका मिळाली. तिचे नाव मी लिहिणार नाही. विद्यापीठात संशोधन करणारी हुशार मुलगी. तिचे यजमान आयटीत मॅनेजर; दर तालमीला तिला घेऊन येत, हॉलमध्ये थांबत आणि घेऊन जात. येताना पेढेही आणत. "किती काळजी घेतो," असे आम्ही सगळे म्हणत असू.

एका तालमीत नायिका मैत्रिणीला फोन करून सगळी हकीकत सांगते, असा प्रवेश होता. मुलगी वाचता वाचता थांबली.

"काका, ती फोन नाही करणार."

भावोजी आपल्या संहितेतला स्वल्पविरामसुद्धा कोणाला हलवू देत नाहीत. मी पुढच्या वादाची तयारी ठेवली. पण त्यांनी माइक बंद केला आणि विचारले, "मग काय करेल?"

"काही नाही. फोन रोज संध्याकाळी बघितला जातो." मग ती म्हणाली, "एकटीनं कुणाशी बोलायला तिला जागाच नाही. ही एवढी खोली सोडली तर."

त्या खोलीत आम्ही तिघेच होतो. पंखा बंद होता. "त्या बाईला कुणाशी बोलायला आवडेल?" भावोजींनी विचारले. ती म्हणाली, "कुणीतरी ज्याला यातलं कळतं." भावोजींनी मान हलवली, माइक सुरू केला आणि पुढचा प्रवेश घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी पेढाही खाल्ला.

पुढच्या तालमीला त्यांनी नायिकेच्या यजमानांना बाजूला घेतले. पुलाउ उबीन या बेटावर जाऊन बोटीचा आणि गावठी कोंबड्याचा आवाज आणायचा आहे, माइक धरायला स्थिर हाताचा माणूस हवा, आणि असा हात त्यांना आजवर एकाचाच दिसला आहे. गृहस्थ खूश झाले. मी सगळी संहिता तपासलेली होती. स्वयंपाकघरात भावोजींना गाठून मी विचारले, "या नाटकात कोंबडा कुठे आहे?"

"असेल, ताई," ते म्हणाले. "रविवारपर्यंत असेल."

मग मला समजले.

त्या रविवारी भावोजी त्या गृहस्थांना सायकलवरून सबंध बेटभर घेऊन फिरले. दोघांचे फोन अर्थात घरी, पोह्यांच्या डब्यात. कोंबडे आरवत होते, पण भावोजींना एकही पसंत पडत नव्हता. इकडे नायिका जेवणाला मदत करण्यासाठी म्हणून बहिणीकडे आली होती. छळ सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एक बाई भावोजींनी बोलावल्या होत्या; त्या तिच्याबरोबर शेल्टरमध्ये बसल्या. मी बाहेर पर्यवेक्षिकेसारखी खुर्ची टाकून बसले. आत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. तसे त्या बाईंनीच आधी बजावले होते. काय करायचे आणि केव्हा, ते तिचे तिने ठरवायचे. बाहेर आल्यावर नायिकेने बहिणीच्या हातून विळी घेतली आणि काकडी कोचायला बसली. संध्याकाळी दोघे परतले तेव्हा गृहस्थांच्या हातापायांवर डास चावल्याचे फोड होते. "काका, तुमचं समाधान होणं कठीण आहे," ते म्हणाले. "हो, सगळे तसंच म्हणतात," भावोजी म्हणाले.

काही आठवड्यांनी कामाच्या दिवशी, यजमान ऑफिसात असताना, ती घर सोडून गेली. त्याच संध्याकाळी ते गृहस्थ बहिणीच्या दारात उभे होते. अतिशय शांतपणे म्हणाले, "काका, सहज विचारतो, ती इथे आलीय का?" भावोजींनी "नाही" म्हटले, आणि ते खरे होते. दार लावल्यावर मात्र भावोजींनी त्याची कडी दोनदा ओढून पाहिली. त्यानंतर त्यांनी खलनायकाची भूमिका केलेली नाही. "तो आवाज आता मला काढवत नाही," म्हणतात. ती भूमिका एका तरुणाला दिली आहे. तो थोडा ओरडतो, आणि भावोजी प्रत्येक वेळी त्याला थांबवतात.

ती मुलगी पुन्हा तालमीला आली नाही. ते योग्यच आहे. आमचे घर त्या गृहस्थांना माहीत आहे. परंतु मध्यंतरी एके दिवशी भावोजींच्या फोनवर नव्या नंबरावरून एक ध्वनिमुद्रण आले. त्यात शब्द एकही नव्हता. किल्ली फिरते, दार उघडते, चपला काढल्या जातात, दार लागते. बस. भावोजींनी ते कानाला लावून ऐकले, पुन्हा ऐकले, मग चष्मा काढून पुसत बसले. "हे बरोबर आहे, ताई," ते म्हणाले.

नाटक आता त्या आवाजावर संपते. मी तो अनेकदा लक्ष देऊन ऐकला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगते, माझ्या मुलाच्या दारात आणि त्या दारात मला अजून काही फरक कळलेला नाही. पण मुलाकडे परतताना हल्ली मी किल्ली जरा सावकाश फिरवते.