विटकरी कोट

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. शिकलेली माणसं जिथं वर्षानुवर्षं नुसती वाट बघत बसतात, तिथं ते आपोआप साचतात. नांदेडला आमच्या विद्यापीठात अशी एक खोली होती. पीएच.डी. होऊनही कायम नोकरी न लागलेल्या, फेलोशिपवर संशोधन करणाऱ्या पोस्टडॉक मंडळींसाठी तिथं करिअर मार्गदर्शन कक्ष काढला होता. त्याआधी त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायचे.

मी तिथं तासिका तत्त्वावर इंग्रजी संभाषण शिकवत होते. माझे पती श्रीकांत याच मंडळींतले. ते गेल्यावर मला हे काम मिळालं. म्हणून कक्षात मला मॅडम कमी आणि वहिनीच जास्त म्हणायचे.

*

कक्षाचं पहिलं शिबिर वेळेच्या व्यवस्थापनावर होतं. पाहुणे पुण्याहून आलेले. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार. पाहुण्यांचा झाला, मग एकेका विभागप्रमुखाचा झाला. शेवटी कुणाला तरी आठवलं म्हणून पाहुण्यांच्या ड्रायव्हरलाही स्टेजवर बोलावून शाल घातली. तोवर मागं जेवण गार व्हायला लागलं होतं.

कक्षाचे समन्वयक मठपती सर माइकवर आले. अतिशय सज्जन माणूस. शांतपणे म्हणाले, "वेळेअभावी वेळेचं व्यवस्थापन आपण पुढच्या खेपेला घेऊ."

*

दुसऱ्या शिबिरात प्रत्येकानं आपलं संशोधन दोन मिनिटांत सांगायचं होतं. व्यंकट निलंग्याचा. तुरीच्या मर रोगावर काम करायचा. शेंगा धरायच्या सुमारास उभी तूर वाळून जाते, तिथं टिकेल असं वाण तो शोधत होता. त्याच्या प्रयोगाच्या ओळींत काही झाडं टिकायला लागली होती. बोलला फार छान.

ट्रेनर खूश. "आता पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता, तेही सांगा."

व्यंकटनं बोटांवर महिने मोजले. "मार्चपर्यंत दिसायलंय सर. त्याच्या पुढं फेलोशिप न्हाई."

मार्चच्या आत लातूरच्या एका कॉलेजात कायमची एक जागा भरणार होते. ती मिळाली तर कॉलेजच्या शेतावर त्याच्या तुरीलाही जागा मिळणार होती. त्या वर्षी आम्हा सगळ्यांची नजर त्या एका जागेवर होती.

*

नसरीन रसायनशास्त्रातली. गल्लीतल्या बायका तिच्या अम्मीला विचारायच्या, "लडकी क्या करती?" अम्मी सांगायची, "पढती." वर्षं गेली, उत्तर तेच.

दहावीला जिला नसरीननं गणित शिकवलं, ती गल्लीतली मुलगी बँकेत अधिकारी झाली. मिठाई घेऊन आली. नसरीनचा हात हातात घेऊन म्हणाली, "आपा, फिकर नक्को करो. तुमारा भी हो जाता."

"वहिनी," नसरीन मला म्हणाली, "मी तिला दुआ द्यायला उठले होते. तिनंच देऊन टाकली."

*

एकदा कक्षानं बाहेरच्या जगाची ओळख म्हणून सगळ्यांना लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये नेलं. संचालक व्यंकटचा जुना विद्यार्थी निघाला. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला दोनदा नापास झालेला. वाकून पाया पडला, थंड मागवलं, म्हणाला, "सर, तुम्ही आमच्याकडं याच. जीवशास्त्र घ्या. फक्त एक विनंती हाय."

"काय?"

"संशोधनाचं पोरांना सांगू नका. घाबरतेत."

*

'स्थिर करिअर कसं घडवावं' हे शिबिर मठपती सर स्वतः घेणार होते. बोर्ड लागला, खुर्च्या मांडल्या आणि सकाळीच रद्द झाल्याचं कळलं. सर अकरा महिन्यांच्या करारावर होते. दरवर्षी मधे एक महिना ऑर्डरची वाट बघायचे.

"का रद्द केलं सर?" व्यंकटनं विचारलं.

"माझी ऑर्डर आली नाही अजून. सध्या मी कुणीच नाही."

*

कक्षाच्या दारामागं खिळ्यावर एक कोट असायचा. श्रीकांतचा. लातूरच्या त्याच कॉलेजात पूर्वी एक जागा निघाली होती, तेव्हा त्यांनी तो शिवून घेतला होता. मी म्हटलं होतं, काळा घ्या नाहीतर निळा. "पॅनेलच्या लक्षात राहिला पाहिजे," म्हणाले, आणि विटकरी शिवला. मुलाखत चांगली झाली. कळवतो म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात श्रीकांत गेले.

कोट मी कक्षाला दिला. ज्याला मुलाखत असेल तो घालून जायचा, फोटोही त्यातच काढायचा. वेबसाइटवर एकाखाली एक सगळे त्याच विटकरी कोटात. नसरीन म्हणायची, "आमच्यात सगळ्यात जास्त मुलाखती यानं दिल्यात."

*

लातूरच्या मुलाखतीची तारीख आली. आदल्या दिवशी मठपती सरांनी व्यंकटचा सराव घेतला, खिळ्यावरचा कोट काढून त्याच्या हातात दिला. पहाटेच्या एसटीनं तो गेला. कॉलेजच्या व्हरांड्यात उमेदवारांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर मठपती सर बसलेले.

"सर, तुम्ही बी?"

"बस," सर म्हणाले. "आत गेल्यावर खाली बघू नकोस. तुरीचं सांगताना घाई करू नकोस."

व्यंकट आत जाऊन आला. आल्या आल्या कोट उतरवला आणि सरांच्या अंगावर चढवला. सर नको नको म्हणत होते. "घाला हो सर. बाह्या जरा आखूड होतेत, तेवढंच."

जागा दोघांनाही मिळाली नाही. ज्याला मिळाली तो साध्या शर्टात आला होता, आणि शिपायानं त्या एकालाच चहा आणून दिला होता. मार्चमध्ये व्यंकट टिकलेल्या तुरीचं बी पिशवीत घेऊन निलंग्याला गेला. मठपती सरांची ऑर्डर या वेळी महिना उलटून गेला तरी आली नाही. खोलीत पुन्हा मोडक्या खुर्च्या ठेवल्या.

सर कोट परत द्यायला घरी आले. धुऊन, इस्त्री करून आणला होता. मी चहा ठेवते म्हटलं, तर दारातच उभे राहिले आणि मुलाखतीत काय झालं ते सांगितलं. अध्यक्ष तेच होते, श्रीकांतच्या वेळचे. त्यांनी फाईल उघडलीच नाही. कोटाकडं बघत राहिले.

"तुम्ही मागंही आला होता ना इथं?"

सरांनी आखूड बाही खाली ओढली. मग म्हणाले, "हो सर."

"मग काय झालं त्या वेळी?"

"कळवतो म्हणाला होतात, सर."