काचेखालचा मारुती

लंकाबाई तशा पापभीरू. शनिवारी मारुतीला तेल वाहिल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. पण समितीच्या यादीत सृष्टीचं नाव आलं त्या दिवशी त्यांच्या पोटात जे पेटलं, ते तेलानं थोडंच विझणार होतं?

पूर आला, आग लागली, झाड पडलं की शहरातले लोक ज्या नियंत्रण कक्षात फोन करतात, तिथे लंकाबाई एकोणीस पावसाळे फोनवर बसल्या होत्या. आता कुंभमेळा तोंडावर आला म्हणून सरकार कक्षासाठी नवं सॉफ्टवेअर घेणार होतं. फोन आला की त्यात माहिती भरायची, मग कुणाला कुठे धाडायचं ते यंत्रच सांगणार. निविदेत काय काय मागायचं हे ठरवायला तिघांची समिती नेमली. दोन साहेब आणि तिसरी सृष्टी. नांदगावची, सव्वीस वर्षांची, कंत्राटावर येऊन जेमतेम चार महिने झालेले. वेगळी जागा नव्हती म्हणून लंकाबाईंच्याच टेबलाच्या अर्ध्या भागावर तिचा लॅपटॉप. शिपाई चंदर तिला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणे. लंकाबाई मात्र एकोणीस वर्षं मावशीच राहिल्या होत्या.

त्या टेबलाच्या काचेखाली लंकाबाईंचा एक कागद असे. नाशकात गोदेचा पूर मीटरमध्ये कोण मोजतं? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरच मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. फोन करणारा तेच सांगतो. धरणातून किती सोडलं की पाणी मारुतीला कुठवर चढतं, चढायला किती वेळ लागतो आणि तोवर कुठली गल्ली रिकामी करायची, हे सगळं लंकाबाईंनी दर पावसाळ्यात खोडत, सुधारत त्या एका कागदावर आणलं होतं.

यादी लागली त्याच संध्याकाळी त्यांनी काच उचलली, कागद पिशवीत घातला आणि घरी देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवून दिला. देवापाशी ठेवलेल्या वस्तूला लपवलेली कसं म्हणायचं, अशी मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी सृष्टीनं कागद मागितला. निविदेत घालायचा आहे म्हणाली. लंकाबाई म्हणाल्या, फाटला, टाकून दिला. सृष्टीनं एकदा काचेकडे पाहिलं. खालच्या लाकडावर कागदाच्या मापाचा चौकोन अजून कोरा दिसत होता. निविदा कागदाशिवायच निघाली. पाण्याची पातळी मीटरमध्ये, एवढंच त्यात होतं.

पुढचे दिवस लंकाबाईंनी नुसते मोजण्यात घालवले. साहेबांनी सृष्टीला किती वेळा आत बोलावलं, किती वेळा बसा म्हटलं, तिच्या डब्यातल्या सांडग्यांच्या भाजीला किती वेळा वा म्हटलं. जपाला बसल्या तरी मणी पुढे सरकत आणि मन तिथेच.

बोली लावण्याआधी कंपन्यांची माणसं कक्ष बघायला, शंका विचारायला येतात. त्यातून काही राहिलेलं निघालं तर शुद्धिपत्रक काढून निविदेत घालता येतं. ती माणसं आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता त्याची मुदत संपणार होती. नेमका ती आली त्याच दिवशी पाऊस लागलेला, धरणातून पाणी सोडलेलं. पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून सृष्टीनं फोन स्पीकरवर घेतला. भांडी बाजारातला दुकानदार अबरार बोलत होता.

"पाणी मारुतीच्या कमरेला लागतंय. दुकान उचलू का?"

सृष्टीचं बोट लॅपटॉपवरच्या नमुना फॉर्ममध्ये मीटरच्या रकान्यावर तसंच राहिलं.

"लंकाबाईंना द्या ना," अबरार म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं.

लंकाबाईंनी रिसीव्हर घेतला. "अबरार, खालची भांडी माळ्यावर टाक आणि शटर ओढ. दीड तास आहे तुझ्याकडे. शेजारच्यांनाही सांग."

एकोणीस वर्षांत त्यांची मान इतकी ताठ कधी झाली नव्हती. पण कंपनीचा माणूस विचारू लागला, हा हिशोब निविदेत कुठे आहे? साहेब सृष्टीकडे वळले. हे का नाही घातलं?

आता ही सांगणार, लंकाबाईंना वाटलं.

"माझ्याकडून राहिलं, सर," सृष्टी म्हणाली.

साहेब तिला चारचौघांत बरंच बोलले. एरवी लंकाबाईंनी पेढे वाटले असते. पण पोरगी खुर्चीत पुढे गेली ते एक वेळ सोसलं असतं, चांगुलपणातही पुढे गेली, हे काही त्यांना सोसवेना.

घरी दिवा लावताना त्यांनी पोथी उचलली. कागद काढला, आणि देण्याआधी त्याच्या तळाशी ठसठशीत अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. सकाळी द्वारका चौकात बस अडकली, तर उतरून पायी निघाल्या. साडेदहाला कागद सृष्टीपुढे ठेवला.

"फाटला होता ना, मावशी?"

"चिकटवला."

सृष्टीनं घडीवरून बोट फिरवलं. कुठेच चिकटवल्याची खूण नव्हती. ती उठून स्कॅनरकडे गेली.

शुद्धिपत्रक निघालं तेव्हा लंकाबाईंनी ते चंदरच्या मोबाइलवर पाहिलं. सृष्टीनं कागद टाइप केलाच नव्हता, आहे तसा जोडला होता. खाडाखोड, समईच्या तेलाचा डाग आणि तळाशी नाव. लंकाबाईंनी पानं दोनदा वरखाली करायला लावली. सृष्टीचं नाव कुठेच नव्हतं. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला.

कागद पुन्हा काचेखाली गेला. सृष्टीनं येऊन त्यावर लॅपटॉप ठेवला.

"मॅडम," लंकाबाई म्हणाल्या, "तो जरा सरकवा. मारुती झाकतोय."

तिनं हसून चार बोटं सरकवला.

"अजून," लंकाबाई म्हणाल्या.