बसायला वेळ नसलेल्या बाई

आमच्या डॉक्टरीणबाई कधी बसत नसत. इंदापुरातल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस होते. चहाही त्या उभ्यानंच घेत आणि निम्मा टाकून पुढच्या पेशंटकडं वळत. "बसले की अंग दुखतं," म्हणायच्या.

एका सकाळी गावाबाहेर पाचटाच्या कोप्यांत उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई पोरीला, सोनीला, घेऊन आली. सोनीला जन्मापासून फिट यायच्या. तोंड मिटता येत नव्हतं. वरचा ओठ टरारून सुजलेला. आईनं पदरानं पोरीचं तोंड झाकलं होतं.

"बाई, किडं हायती आत. कोपीवर कळू देऊ नका. लेकराला पाप लागलंय म्हनत्याल."

"पाप कसलं? तोंड उघडं राहतं, माशीनं अंडी घातली. डोकं धरा."

हिरडीच्या जखमेत त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा धरला. अळ्या वर यायला लागल्या, तशा चिमट्यानं एकेक काढल्या. मी ट्रेमधल्या अळ्यांकडंच बघत होते. "ट्रेकडं नको, पोरीकडं बघ," बाई म्हणाल्या. सोनी माझं बोट आवळून धरून होती.

"सगळ्या एकदम निघत नाहीत. उद्या आणायचीच."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बाई दारात जात, रस्ता बघत, परत येत. दुपारी त्यांनी हातातलं काम संपवलं, शटर ओढलं आणि मला स्कूटरवर मागं बसवलं.

कोप्या मोडल्या होत्या. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी चढत होती.

"एकीसाठी टोळी थांबायची न्हाय," मुकादम म्हणाला.

"टोळी जाऊ दे. या दोघी राहतील. बरी झाली की मी आणून सोडते."

सोनीच्या आईनं मुकादमाकडं पाहिलं, मग ट्रॅक्टरवरचं आपलं गाठोडं खाली ओढलं.

बाईंनी दोघींना बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. दवाखाना सांभाळून रोज तिकडं चकरा मारल्या. जखम भरल्यावर सोमेश्वरनगरच्या पुढं, नव्या कोप्यांवर त्यांना स्वतः सोडून आल्या. निघताना आईला एवढंच म्हणाल्या, "रोज ओल्या फडक्यानं तोंड पुसा. झोपली की मच्छरदाणी."

त्या उन्हाळ्यात बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका.

पुढच्या हंगामात सोनीची आई आली. मी सांगितलं. मग तिनं सोनीला खुर्चीत बसवलं.

"मग तुमी बघा."

दवाखाना घेतलेले नवे डॉक्टर त्या सकाळी अजून यायचे होते. मी हात धुतले, बॅटरी घेतली, ओठ हळूच उचलला. हिरडी गुलाबी, स्वच्छ.

"चांगलं हाय?"

"चांगलं हाय," मी म्हणाले.